झिंगालाला आणि ‘चायनीज’

गॅदरिंगचा सीझन आलाय. नांदेड-लातूरकडच्या शाळांत गाण्यांच्या याद्या निघायल्यात, डान्सवाले सर पेनड्राइव्ह घेऊन या शाळेतून त्या शाळेत पळायलेत. म्हणून ही पोस्ट आत्ताच टाकतोय. जानेवारीत टाकून उपयोग नाही.

आधी एक जुनी गोष्ट. नोव्हेंबर 2021 मध्ये कलर्स वाहिनीवरच्या ‘डान्स दीवाने’च्या तिसऱ्या पर्वातली एक क्लिप व्हायरल झाली होती. सूत्रसंचालक राघव जुयाल गुवाहाटीच्या एका लहान मुलीला स्टेजवर बोलावतोय. बोलावणं कसं, तर ‘मोमो’, ‘चायनीज’ आणि मधी मधी चिनी वाटावेत असे निरर्थक आवाज. पोरगी आसामची. आसामचे मुख्यमंत्री हिमंत बिस्व सरमा यांनी जाहीर निषेध केला, तेव्हा राघवचा खुलासा आला. त्या मुलीनंच आपल्याला चायनीज बोलता येतं असं शोमध्ये सांगितलं होतं, ती तसं गमतीनं बोलायची, म्हणून आम्ही तिची ओळख तशी करून दिली. पूर्ण शो बघा, नुसती क्लिप बघू नका.

मला क्लिपपेक्षा या खुलाशाचा राग जास्त आला. मोठी माणसं कशावर हसतात ते लेकरू लगेच हेरतं आणि तेच परत परत करून दाखवतं. त्याला लेकराची आवड म्हणायचं का? आणि स्क्रिप्ट, कॅमेरा, एडिटिंग सगळं मोठ्यांच्याच हातात होतं की. ईशान्येकडच्या माणसांना हा विनोद किती महाग पडतो, तेही काही लपलेलं नाही. जानेवारी 2014 मध्ये दिल्लीत अरुणाचलच्या निडो तानिया या विद्यार्थ्याच्या केसांवरून दुकानात चेष्टा झाली, भांडण झालं, मारहाण झाली. पोरगं गेलं. 2020 मध्ये तर तिकडच्या लोकांना रस्त्यात ‘कोरोना’ म्हणून हाका मारल्या गेल्या.

जपानमध्येही असंच झालं होतं. 31 डिसेंबर 2017 च्या रात्री तिथल्या निप्पॉन टीव्हीवरच्या लोकप्रिय विनोदी कार्यक्रमात मासातोशी हामादा हा कलाकार एडी मर्फीसारखं दिसायचं म्हणून तोंडाला काळं फासून आला. जपानमध्येच राहणाऱ्या कृष्णवर्णीयांनी आक्षेप घेतला. बाजू घेणाऱ्यांचं उत्तर तयारच होतं: आमच्या मनात तसलं काही नव्हतं.

आता आपल्याकडं या.

बातमीदारी करताना दरवर्षी पंधरा-वीस गॅदरिंगं बघतो. त्यातल्या निम्म्यांत तरी ‘आदिवासी डान्स’ असतो. लेकरांच्या तोंडाला काळा रंग, कमरेला झाडपाला, हातात पुठ्ठ्याचे भाले, आणि ‘झिंगालाला’ करत उड्या. पालक मोबाईल वर करून शूटिंग करतात. निवेदक म्हणतो, “बघा बघा, जंगलातून कोण आलंय!” टाळ्या.

गेल्या वर्षी लातूर जिल्ह्यातल्या एका शाळेत हे चालू असताना माझ्या शेजारी किनवटकडचे एक गुरुजी बसले होते. गोंड समाजाचे. त्यांची मुलगी त्याच शाळेत, चौथ्या रांगेत. ती वर्गातल्या पोरींसोबत हसत होती. गुरुजी मात्र हसत नव्हते. मी विचारलं, “गुरुजी, उठायचं का बाहेर?” ते म्हणाले, “नको. मी उठलो तर उद्या तिला विचारतील, तुझे पप्पा का उठले म्हणून.”

ज्यांची नक्कल चाललीय ती माणसं समोरच बसलेली असतात, आणि त्यांनाही हसावं लागतं.

किनवट-माहूर आपल्याच नांदेड जिल्ह्यात आहेत, हे सांगायची वेळ यावी याचंच नवल वाटतं. किनवट तालुका 1956 पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता, राज्य पुनर्रचनेत नांदेडला आला. तिथं गोंड, कोलाम, परधान, आंध राहतात. दिवाळीत गोंड-कोलामांच्या पाड्यांवर दंडार निघते. तिच्यातले घुसाडी अंगाला राख फासतात, डोक्यावर मोरपिसांचा भलामोठा टोप घालतात, गावोगाव नाचत जातात. म्हणजे अंग रंगवणं तिकडंही आहे. पण तिथं ते व्रत आहे, घुसाडीला देवाचा मान असतो. पलीकडच्या आसिफाबाद जिल्ह्यातल्या मारलवाईच्या कनक राजूंना याच घुसाडी नाचासाठी 2021 ला पद्मश्री मिळाली. ज्या वर्षी टीव्हीवर ते ‘मोमो’ झालं, त्याच वर्षी!

त्या कार्यक्रमानंतर मुख्याध्यापक सरांना भेटलो. माणूस चांगला आहे. म्हणाले, “पत्रकार साहेब, लेकरांनीच यूट्यूबवर बघून बसवलंय. आजपर्यंत एकाची तक्रार नाही.” मी म्हटलं, “सर, तक्रार करणार कोण? ज्याची फी तुमच्याकडं बाकी आहे तो?” ते गप्प बसले, चहा मागवला.

तर सरांनो, मॅडमनो, यादी अजून फायनल झाली नसेल तर काळ्या रंगाचा डबा यावर्षी आणू नका. दंडार दाखवायचीच हौस असेल तर किनवटच्या पथकाला बोलवा, मानधन द्या, गाडीभाडं द्या, आणि निवेदनाचा माईक त्यांच्यातल्याच कुणाला द्या. गुरुजी ओळख करून द्यायला तयार आहेत. नंबर हवा असेल तर मला इनबॉक्समध्ये मागा.