देवबाग : गांव आणि त्याची गणती

गांव पाहावयाचें म्हणजे देऊळ, नदी आणि समुद्रकिनारा पाहावयाचा, असा सामान्य समज आहे. परंतु आमचें आयुष्य हजेरीपट भरण्यांत गेल्यामुळें म्हणा, कोणत्याहि गांवीं गेलों कीं तेथील माणसांची गणती व कारभाराची व्यवस्था जाणून घेतल्यावांचून आम्हांस चैन पडत नाहीं.

मालवणहून दक्षिणेस वायरी व तारकर्ली ओलांडल्यावर देवबाग लागतें. पश्चिमेस अरबी समुद्र, पूर्वेस कर्ली नदी, आणि मध्यें माडांनीं भरलेली वाळूची चिंचोळी पट्टी. एवढाच या गांवाचा विस्तार. दक्षिण टोंकास नदी समुद्रास मिळते. पैलतीरावरील भोगवें वेंगुर्ले तालुक्यांत मोडतें. होडीनें तें अगदीं जवळ. रस्त्यानें जावयाचें तर मोठा वळसा पडतो.

नांवाची फोड केली तर 'देव' संस्कृत आणि 'बाग' फारसी. हीच सोयरीक कारभारांतहि आढळते. मौजे, तालुका, जिल्हा हे शब्द मूळचे अरबी, फारसी दरबाराच्या वाटेनें मराठींत आलेले. जमीन, बंदर, दर्या हे तर उघड फारसी. शिवछत्रपतींनीं राज्यव्यवहारकोश करवून अशा शब्दांस संस्कृत प्रतिशब्द योजविले. तथापि खेडुतांच्या तोंडीं जमीन ती जमीनच राहिली.

गांवचा कारभार ग्रामपंचायत पाहते. तिच्यावर मालवणची पंचायत समिति व त्यावर जिल्हा परिषद. महसुलाचें काम तहसीलदाराकडे. १ मे १९८१ पूर्वीं हा सर्व मुलूख रत्नागिरी जिल्ह्यांत होता. त्या दिवशीं सिंधुदुर्ग जिल्हा निराळा झाला. आतां ओरोस हें जिल्ह्याचें ठाणें असल्यामुळें मोठ्या कामासाठीं रत्नागिरीपर्यंतची पायपीट चुकली.

कचेरी जवळ आली, पण माणसें दूर गेलीं. जिल्ह्याची लोकसंख्या २००१ सालीं ८,६८,८२५ होती, ती २०११ सालीं ८,४९,६५१ वर आली. त्याच दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या मात्र सुमारें ९.७ कोटींवरून ११.२ कोटींवर गेली. जिल्ह्यांत हजार पुरुषांमागें १०३६ स्त्रिया भरल्या. पुरुष पोटासाठीं मुंबईस जातो, हें कोंकणांत कोणास सांगावयास नको.

जुन्या काळीं लोकसंख्येच्या मोजणीस 'खानेसुमारी' म्हणत. 'खाना' म्हणजे घर व 'शुमार' म्हणजे मोजणी. आजचा शब्द 'जनगणना'. या दोन शब्दांतील अंतर कोंकणांत डोळ्यांस दिसतें: घर मोजणींत येतें, दाराला मात्र कुलूप असतें. देवबागेंत पर्यटनामुळें कित्येक घरीं पाहुण्यांची वर्दळ झाली व कांहीं तरुणांस गांवींच मिळकत मिळूं लागली, हें सुचिन्हच होय. परंतु पाहुणा रापण ओढावयास येत नाहीं. किनाऱ्यावरून ओढावयाच्या त्या मोठ्या जाळ्यास दोन्ही बाजूंनीं पुष्कळ हात लागतात, आणि ते हात गांवचेच असावे लागतात.

शिवाय समुद्र पावसाळ्यांत किनारा खातो. त्यासाठीं दगडी बंधारे घालावे लागले आहेत. बंधारा खचला तर सरकारदरबारीं दाद मागावयास ग्रामसभेंत बसणारीं माणसें हवींत.

म्हणून आमच्या वाचकांपैकीं जे देवबागेस जातील, त्यांनीं संगम अवश्य पाहावा, पण यजमानास एवढेंहि विचारावें, "या घरांत बाराहि महिने राहणारीं किती?" गांवाची खरी प्रकृति त्या उत्तरावरून कळेल.