गुळाच्या चहाची उकळी

गुळाच्या चहात दूध घालून त्याला उकळी आणायची आणि तरी तो फाटू द्यायचा नाही, एवढाच तिचा हट्ट आहे. ओतूरच्या पंचक्रोशीत कुठल्याही घरी हे बोलून दाखवलं की बायका एकच उत्तर देतात: गॅस बंद कर आणि मग दूध घाल. हे उत्तर तिला लग्नाआधीपासून ठाऊक आहे. तसा चहा फाटत नाही, हेही खरं. पण तो शिजतही नाही. वरून ओतलेल्या दुधाचा कच्चट वास शेवटच्या घोटापर्यंत सुटत नाही, रंग मेलेला राहतो, आणि जिभेवर गूळ एकीकडे, दूध दुसरीकडे अशी फारकत कळते. दूध पडल्यावर चहा एकदा पातेल्याच्या काठापर्यंत चढायला हवा, खाली बसायला हवा, पुन्हा चढायला हवा. साखरेच्या चहात हे बोलता बोलता होतं. गुळाच्या चहात चढण्याआधीच घात होतो.

तो घात तिनं पातेल्यावर वाकून पुष्कळदा पाहिला आहे. आच कडेला जास्त लागते, म्हणून सुरुवात कडेला होते. दुधाची सलग कड एका जागी तुटते. ओगराळं बुडवून वर काढलं की त्याच्या पाठीवर एकसारखा पातळ थर दिसायला हवा. त्याऐवजी रव्यासारखे बारीक कण चिकटलेले असतात. मग मधल्या भागात तपकिरी, स्वच्छ पाणी दिसू लागतं. तिथून पुढं गॅस बंद करा, ढवळा, गार दूध घाला, काही उपयोग नसतो. हे सगळं आले-गेले मोजायला लागतो तेवढ्या वेळात उरकतं.

गुळाच्या चहाची ओढ तिला माहेरची. माहेर डिंभ्याच्या वरच्या अंगाला, आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम भागात. ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळालं ते जुनं आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं आणि तालुक्याची कचेरी घोडेगावात आहे. नाव एकीकडे आणि गाव पाण्यात, अशा मुलखातली ती. उन्हाळ्यात रानात बाळहिरडा वेचायचा, पावसाळ्यात भाताच्या खाचरात राबायचं आणि दोन्ही वेळा कोरा चहा प्यायचा. दूध असलंच तर तान्ह्या पोराला. गुळाचा खडा, चहाची पूड, आलं, परसातल्या मोरीच्या पाण्यावर वाढलेल्या गवती चहाची दोन पाती. हिरडा चाखलेल्या जिभेला चहाचा तुरटपणा परका वाटत नाही, गुळानं तो गोल होतो. त्या चहात फाटायला काही नव्हतंच.

सासर जुन्नर तालुक्यात, उसाच्या आणि कांद्याच्या पट्ट्यात. ऊस विघ्नहर कारखान्याला, घरात साखर, गोठ्यात म्हशी. सकाळची धार काढून झाली की घरापुरतं दूध तपेल्यात आणि बाकीचं डेअरीला. तिथं तिनं माहेरचा गूळ आणि सासरचं दूध एका पातेल्यात आणलं आणि त्याला उकळी आणून दाखवली. गावात बोलबाला झाला. पाहुणे मुद्दाम गुळाचाच मागायचे. तो चहा ती सुनेच्या किंवा पोरीच्या हाती कधी बाहेर पाठवत नसे. ट्रे स्वतः न्यायची आणि पहिला घोट घेऊन माणूस काय म्हणतो ते ऐकेपर्यंत दाराशी उभी राहायची. हाताला गुण आहे, हे शब्द तिला फार आवडायचे. अजूनही आवडतात.

मग गोठा रिकामा झाला. कारण या भागात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. उसात बिबट्या लपतो, तिथंच पिल्लं घालतो, आणि वैरण कापायची वेळ तिन्हीसांजेची. जुन्नर वन विभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर असे चार तालुके येतात आणि चारही तालुक्यांत संध्याकाळी एकट्या बाईला शेतात पाठवायला घरचे धजत नाहीत. धरलेल्या बिबट्यांसाठी माणिकडोहला निवारा केंद्र आहे. म्हशींसाठी मात्र गोठ्याला जाळी मारा, दिवे लावा, रात्री उठून बघा, एवढंच. मुलगा नोकरीला, नवऱ्याचे गुडघे दुखतात. शेवटची म्हैस बेल्ह्याच्या बाजाराकडे गेली आणि घरात गाईचं रतिबाचं दूध येऊ लागलं.

त्या आठवड्यापासून चहा फाटायला लागला.

तिनं आधी गुळाला दोष दिला, मग पातेल्याला, मग गॅसच्या शेगडीला. हाताचा गुण एका आठवड्यात कसा जाईल, हे तिच्या मनाला पटेना. उत्तर सुनेनं आणलं. सून दूध शीतकरण केंद्रात नमुने तपासते. गाईच्या दुधाला 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ, म्हशीच्या दुधाला 6 आणि 9, या आकड्यांवर तिचा दिवस चालतो. दूध किती आंबलंय हे बघायला तिथं एक अगदी साधी चाचणी करतात: नळीत थोडं दूध घेऊन उकळायचं आणि गुठळी धरते का ते पाहायचं. सासूच्या ओट्यावर रोज जे चाललं होतं, तीच ही चाचणी. सून म्हणाली, “आई, धार काढल्यावर अर्ध्या तासात तुम्ही ते दूध वापरत होता. आता हातात येतं तोवर त्याला किती तास झालेले असतात.”

सुनेनं केंद्रातून सामू मोजायच्या कागदी पट्ट्या आणल्या. ताज्या दुधाचा सामू 6.6 ते 6.8 असतो. थंड दूध बरंच आंबट झाल्याशिवाय नासत नाही, पण तापलेलं दूध थोड्याशा आंबटपणानंही फाटतं. चहा स्वतः किंचित आम्लधर्मी. गूळ त्याहून कमी-जास्त, आणि प्रत्येक ढेपेचा वेगळा. म्हणजे तापलेल्या पातेल्यात तीन आंबटपणांची बेरीज होते आणि दूध आधीच कडेला उभं असलं की ती बेरीज झेपत नाही. सासूनं हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. इतकी वर्षं ज्याला ती हाताचा गुण म्हणत होती त्यातला मोठा वाटा म्हशीचा होता, हे तिला लागलं. पण त्यातून दुसरं एक कोडं सुटलं.

गुळाचा चहा माघ-फाल्गुनात कमी फाटतो आणि श्रावणात हटकून फाटतो. गुऱ्हाळं दिवाळीनंतर पेटतात, तेव्हाचा गूळ कोरडा, खणखणीत. पावसाळ्यात तोच गूळ हवेतलं पाणी ओढतो, ओलसर होतो, आतून आंबतो. ढेपेच्या पोटाला बोट लावून चाटलं तर कळतं. आणि ओतूरला पाहुणे येतात ते नेमके श्रावणातच. मांडवी नदीकाठच्या कपर्दिकेश्वराला श्रावणी सोमवारी यात्रा भरते, तांदळाच्या पिंडी पाहायला पुण्या-मुंबईचे नातेवाईक उतरतात, आणि दर्शन करून आल्यावर पावसात भिजलेली माणसं म्हणतात, “मावशी, तुमचा गुळाचा होऊन जाऊ द्या.” वर्षातला सगळ्यात आंबट गूळ, सगळ्यात जास्त माणसं, आणि तिची सगळी प्रतिष्ठा ओट्यावर.

तेव्हापासून तिच्या डोक्यात दुसरा विषय नाही. आलं ती आधीपासूनच पाण्यात खळखळून उकळते. कच्च्या आल्यात दूध फाडणारं विकर असतं आणि उकळल्यावर ते मरतं, हे सुनेनं नंतर सांगितलं. गुळाचा वेगळा पाक करून गाळून ठेवून पाहिला: मळी गेली, चव स्वच्छ आली, फाटणं थोडं कमी झालं. आधी चहात दूध उकळून शेवटी पाक बारीक धारेनं सोडून पाहिला: हा मार्ग बरा, कारण दूध तोवर शिजलेलं असतं. पण गूळ पडल्यावरची उकळी राहिलीच, आणि तिला ती हवीच आहे. दूध आटवून दाट करून घातलं: चव बासुंदीकडे गेली, चहा मागं पडला.

सुनेनं खायच्या सोड्याची चिमूट सुचवली. चहा फाटला नाही. खुशाल उकळला, वर चढला, खाली बसला. पण रंग लालसर काळपट झाला आणि मागून साबणासारखी चव आली. तिनं तो पातेलंभर चहा तुळशीच्या कुंडीतसुद्धा घातला नाही. सोड्यानं जिंकणं तिला जिंकणं वाटत नाही.

मग तिला गुऱ्हाळ आठवलं. काहिलीत रस उकळताना भेंडीच्या रोपाचं पाणी घालून मळी वर काढतात आणि आंबटपणा मारायला चुन्याची निवळी घालतात. मग तीच निवळी थेंबभर पाकात का नको? सुनेनं मान हलवली. चुन्यानं आंबटपणा कमी होतो, पण कॅल्शियम वाढतं आणि तापलेल्या दुधाला जादा कॅल्शियमही सोसत नाही. दोघींनी तरी करून पाहिलं. एका ढेपेला चाललं, दुसऱ्या ढेपेला नाही. गुळव्या चुना अंदाजानं टाकतो, त्यावर आपला अंदाज कसा बसणार? पिवळाधमक गूळ तर ती आता घरात येऊ देत नाही. तो रंग उसाचा नसतो, हायड्रोस पावडरीचा असतो, आणि त्या गुळाला वासच नसतो. ज्याला वास नाही त्याचा चहा करायचा कशाला?

या बाबतीत तिची मतं ठाम आहेत. पुणे-नाशिक रस्त्यावर मंचरपासून आळेफाट्यापर्यंत गुळाच्या चहाच्या पाट्या लागल्या आहेत. काही पाट्यांवर मधुमेहींनाही चालेल असं सुचवलेलं असतं, ते वाचून तिचा संताप होतो. गुळात मुख्यतः साखरच असते. डॉक्टरांनी नवऱ्याला ते स्पष्ट सांगितलं आहे आणि त्याला ती गुळाचाही चहा अर्धा कपच देते. गूळ घ्यायचा तो त्याच्या वासासाठी, मळकट गोडीसाठी. त्या टपऱ्यांवर चहा फाटत नाही याचं लोकांना कौतुक. बाजारात गूळ, दूध पावडर आणि मसाला यांचं तयार मिश्रण मिळतं, त्यात गरम पाणी ओतलं की झालं. ज्यात फाटायची भीतीच नाही, त्याला ती चहा करणं म्हणत नाही.

पुण्याच्या अमृततुल्यांचा मात्र ती मान ठेवते. एका चुलतभावाकडे गेली असताना तिनं एका जुन्या दुकानात पितळी पातेल्यासमोर बराच वेळ उभं राहून पाहिलं होतं. दूध, साखर, वेलदोडा, सुंठ, आणि सतत हलणारा हात. तो माणूस बोलत नव्हता, गिऱ्हाइकाकडे बघतही नव्हता, फक्त कडेकडे बघत होता. हे तिला ओळखीचं वाटलं. तो साखरेचाच चहा, पण कड सांभाळणारा.

त्याच शहरात 1890 साली पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून न्यायमूर्ती रानडे आणि टिळकांसारख्या माणसांवर ग्रामण्य आलं, प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली. गोपाळराव जोशींनी तो प्रसंग घडवून आणला होता. सुनेनं हे वाचून दाखवलं तेव्हा तिला त्यातला धर्माचा वाद फारसा भिडला नाही. तिनं विचारलं, “चहा कसा होता पण?” तेव्हा आजच्यासारखी दाणेदार सीटीसी पूड नव्हती, ते यंत्र आसामात 1930 च्या सुमाराला आलं. पानांचा चहा, नाजूक. त्या पानांना दुधाच्या दोन चढत्या उकळ्या सोसल्या नसत्या, असं तिचं म्हणणं. दाणेदार पूड आली म्हणून आपला घरोघरचा, उकळून केलेला दुधाचा चहा उभा राहिला, यावर ती अडून बसते.

दिवसभराच्या कामात हा चहा दोनदाच होतो. पहाटे नवरा उठायच्या आत, तिचा एकटीचा, शिळ्या बाजरीच्या भाकरीचा तुकडा बुडवून. तेव्हा फाटला तरी ती गाळून पिते. आणि दुपारी चारला, सून केंद्रावरून आली की दोघींचा, कपबशीत. बशीत ओतून प्यायची सवय सुनेला नव्हती, आता लागली आहे. गाळणीतला चोथा सुकवून गुलाबाला जातो, दुधाचं पातेलं लगेच पाणी घालून ठेवलं जातं, ओटा पुसला जातो, आणि त्या वेळात दोघी आज चहा किती चढला यावर बोलतात. ही चर्चा तिला चहाइतकीच लागते. म्हशी होत्या तेव्हा चहावर बोलायला कुणी नव्हतं, वाहवा करायला होतं.

यंदाची तयारी झाली आहे. गूळ माघातच आणला, खडे करून कोरड्या बरणीत हवाबंद ठेवला, आणि प्रत्येक ढेपेचा खडा पाण्यात विरघळवून सुनेनं पट्टी लावून पाहिली. सगळ्यात कमी आंबट ढेप श्रावणासाठी राखून ठेवली आहे. शेजारच्या गोठ्यात दोन म्हशी अजून आहेत. यात्रेच्या सोमवारी त्यांचं पहाटेचं दूध डेअरीला जायच्या आत आपल्याकडे द्यायचं, असं बोलणं झालं आहे.

“एवढं करून फाटला तर?” सुनेनं विचारलं.

“तर साखरेचा देऊ. पण गॅस बंद करून गुळाचा नाही द्यायचा.”

सुनेची एकच अट आहे: पाकाची धार यंदा ती सोडणार. पट्ट्या तिनं लावल्या, ढेप तिनं निवडली, तेव्हा मागणी रास्त आहे, हे सासूलाही कबूल आहे. तरी ओगराळं आणि पाकाचं भांडं अशी दोन कामं दोघींत वाटून घ्यायची की एकीनंच दोन्ही करायची, यावर त्यांचं अजून एकमत झालेलं नाही.