एक जुनी रायफल

मनुष्याला एखादी वस्तु दोन कारणांसाठीं घ्यावीशी वाटते. ती उपयोगी पडेल हें एक कारण. ती जवळ असली म्हणजे आपण आहों त्याहून कांहीं निराळे दिसूं, हें दुसरें. पहिलें तो चारचौघांत बोलून दाखवितो, दुसरें मनांतच ठेवितो. गेला महिनाभर एका जुन्या रायफलीचा सौदा आमच्यापुढें होता, आणि या दोन कारणांची फारकत करण्यांतच आमचे बरेच दिवस गेले.

रायफल ऑस्ट्रियांतील स्टायर येथें घडलेली, मान्लिखर-शोनाउअर बनावटीची. ही बनावट १९०३ सालीं निघाली आणि पाऊण शतक पुरें होण्याआधींच बंद पडली. तिच्यांतील काडतुसें एका फिरत्या चक्राभोंवतीं बसतात. बोल्ट मागें ओढावा, पुढें लोटावा. मध्यें खडखड म्हणून नाहीं. जुन्नरच्या आमच्या एका वृद्ध स्नेह्यांच्या वडिलांची ती. मुलांस तिची आवड नाहीं. तेव्हां "प्रोफेसरसाहेब, तुमच्या घरीं तिची आबाळ व्हायची नाहीं," असें म्हणून त्यांनीं ती आम्हांस देऊं केली. किंमतही बेताची.

आतां प्राध्यापकास रायफल कशाला, असें वाचक विचारतील. आंबेगांव तालुक्यांत घोड नदीच्या बाजूस आमची वडिलोपार्जित थोडी जमीन आहे. तेथें ऊस आहे, आणि उसांत वाघ आहे. बिबट्यास आमच्याकडे वाघच म्हणतात. आमचे वाटेकरी तेथेंच वस्तीवर राहतात. सौद्याची गोष्ट कानीं जातांच ते म्हणाले, "सर, घ्याच ती. विजेची पाळी रातची. मी पाणी धराया जातो, मागं नातू बॅटरी घेऊन. बंदूक असंल तर जिवाला आधार." या बोलण्यानंतर हा प्रश्न केवळ हौसेचा राहिला नाहीं.

कायद्याची वाट आम्हीं प्रथम पाहून घेतली. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणें परवाना हवा, आणि विकणारानें लेखी खबर दिल्यावर पंचेचाळीस दिवस लोटल्याखेरीज हत्यार हातचें दुसऱ्या हातीं जात नाहीं. पंचेचाळीस दिवस! लग्न जमविणारांनीं हा नियम उचलला तर अनेकांचें कल्याण होईल. शिवाय आपल्या सरकारी कारखान्यांतून .३१५ बोअरचीं काडतुसें निघतात, तीं हिला चालत नाहींत. आणि स्नेह्यांपाशीं उरलेलीं अकरा काडतुसें त्यांच्या वडिलांच्या वेळचीं.

पण खरी अडचण याहून खोल आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें बिबट्यास पहिल्या अनुसूचींत स्थान दिलें आहे. अंगावर आलेल्या जनावरास जीव वाचविण्यासाठीं मारणें हा गुन्हा नव्हे. पण बिबट्या अंगावर येतो तो पाठीमागून, अंधारांत, आणि बहुधा वांकलेल्या माणसावर किंवा मुलावर. तेव्हां बोल्ट ओढण्यास सवड कोणास असते? आणि चुकलेली गोळी मैलाहूनही दूर जाते. आमच्या भागांत मैलभरांत दहा वस्त्या असतात, आणि प्रत्येक वस्तीच्या अंगणांत कोणी तरी निजलेलें असतें.

बंदुकांनीं हा प्रश्न सुटला असता तर गढवालांत केव्हांच सुटता. तेथें बंदुकांची वाण नव्हती. तरी रुद्रप्रयागचा बिबट्या १९१८ पासून १९२६ पर्यंत माणसें मारीत राहिला. सरकारी हिशेबीं १२५ बळी पडल्यावर जिम कॉर्बेटची गोळी त्यास लागली, आणि कॉर्बेटचें सारें आयुष्य रानांत गेलें होतें. आमचें वर्गांत गेलें आहे.

शिवाय येथला बिबट्या कोठून चुकून आलेला नाहीं. माणिकडोह, येडगांव, वडज, डिंभे हीं धरणें झालीं. मूळ आंबेगांव डिंभ्याच्या पाण्याखालीं गेलें. कालव्यांनीं जिराईत रानें बागाईत झालीं आणि ऊस वाढला. वर्ष वर्ष कोणी न हालविणारें दाट छप्पर, जवळ पाणी, भोंवतीं कुत्रीं आणि डुकरें. मादीनें पिलें घालण्यास दुसरें घर कां शोधावें? २००१ च्या सुमारास जुन्नरकडे माणसांवरील हल्ले एकाएकीं वाढले. पकडलेले बिबटे दूर नेऊन सोडण्याची जी रीत पडली होती, तिचा या वाढीशीं असलेला संबंध विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०११ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत दाखवून दिला. एक उचलला कीं त्याची जागा दुसरा घेतो. गोळीनेंही तें ठिकाण रिकामें राहणार नाहीं.

आणि सर्वांत टोंचणारी गोष्ट ही, कीं परवाना आमच्या नांवाचा असणार. आम्ही गांवांत दिव्याखालीं निजणार, रायफल आमच्या कपाटांत निजणार, आणि बांधावर नातवाला घेऊन वाटेकरीच जाणार. भीति त्यांची आणि आधार आमचा, असा हा सौदा!

स्नेह्यांस आम्हीं नकार कळविला. त्या पैशांतून गोठ्यास चोहोंकडून जाळी बसवीत आहों, वस्तीलगत संडास आणि अंगणांत दिवा होत आहे. दिवसा पाणी देतां यावें म्हणून सरकारच्या सौर पंपाच्या योजनेंत अर्ज केला आहे. वाटेकऱ्यांनीं सारें ऐकून घेतलें आणि एवढेंच विचारलें, "अन् पंप येईस्तोवर?"

प्रश्न रास्त होता, आणि त्याचें उत्तर बाजारांत मिळणारें नव्हतें. आम्हीं सांगितलें, पंप येईपर्यंत रात्रीचें पाणी बंद. त्यानें ऊस उतरला तर ती तूट सर्वस्वीं आमच्या हिश्शांतून जावी, तुमच्या नव्हे. ते कांहीं वेळ पायाच्या अंगठ्यानें माती उकरीत उभे राहिले, मग म्हणाले, "पीक वाळताना बघवायचं न्हाई, सर, पन पोरगं घरात निजंल."

हिशेब करूं जातां ही तूट रायफलीच्या किंमतीहून थोडी अधिकच भरेल असें दिसतें. ती सोसण्याची आम्हीं तयारी ठेविली आहे.