खेळातला 'मी' कोण?

कथनाचा विचार करताना निवेदक, नायक आणि वाचक हे तीन घटक आपण वेगळे मानतो. कादंबरीतला नायक चुकला, तर वाचक हळहळतो; त्या चुकीचा कर्ता मात्र तो होत नाही. रोल-प्लेइंग प्रकारच्या व्हिडिओ गेममध्ये वाचकाच्या जागी खेळाडू येतो आणि नायकाची पावले तोच टाकतो. मग तेथे 'मी' या सर्वनामाचे काय होते? हा प्रश्न मला माझ्या मुलीच्या बोलण्यातून पडला.

ती ज्याला खेळवते तो नायक पुरुष आहे. तो लढाईत पडला की ती म्हणते, "मी मेले." 'मेलो' नव्हे. येथे मराठी क्रियापद लिंग लपवू देत नाही. हा 'मी' नायकाचा नसून तिचा स्वतःचा आहे, हे व्याकरणच सांगते. मात्र तोच नायक तिला न पटणारे काही बोलला, की वाक्य बदलते : "हा असा काय बोलला?" प्रथमपुरुष आणि तृतीयपुरुष यांच्यामधली ही सीमा गेम रचणाऱ्यांनी निरनिराळ्या रीतींनी हाताळली आहे.

१९८६ साली जपानमध्ये आलेल्या 'ड्रॅगन क्वेस्ट'मधील नायकाचे नाव खेळाडू ठेवतो. होय-नाही यापलीकडे हा नायक जवळजवळ बोलत नाही. त्याचे मौन ही खेळाडूसाठी मोकळी सोडलेली जागा असते. याउलट २०१५ मधील पोलिश गेम 'द विचर ३'चा नायक गेराल्ट हा आंद्रेय सापकोव्स्की यांच्या कथा-कादंबऱ्यांतून आलेला आहे. त्याचे नाव, आवाज, भूतकाळ आधीच ठरलेले आहेत. खेळाडू निवड करतो, परंतु गेराल्टच्या स्वभावाला शोभेल अशाच पर्यायांतून. पहिल्या रीतीत 'मी' सहज म्हणता येते, पण नायकाला व्यक्तिमत्त्व उरत नाही. दुसरीत व्यक्तिमत्त्व मिळते, पण 'तो' पूर्णपणे पुसला जात नाही.

'फायनल फँटसी ७' (१९९७) या सीमेचाच कथेसाठी उपयोग करतो. नायक क्लाउड आपला भूतकाळ सांगतो आणि तो प्रसंग खेळाडू स्वतः खेळतो. पुढे कळते, की त्या आठवणीत क्लाउडने दुसऱ्याची जागा स्वतःला दिली होती. अविश्वसनीय निवेदक आपल्याला साहित्यातून परिचित आहे. येथे मात्र खेळाडू त्या असत्यातून स्वतः चालून आलेला असतो.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो १९९९ मधील 'प्लेनस्केप : टॉरमेंट'. याचा नायक शवागारात जागा होतो. त्याला स्वतःचे नावही आठवत नाही. स्मृतिभ्रंश ही तशी सोयीची युक्ती आहे, कारण तिच्यामुळे नायक आणि खेळाडू यांचे अज्ञान सारखे होते. परंतु हा नायक मरूनही पुन्हा उठणारा आहे. त्याने पूर्वी अनेक आयुष्ये जगलेली आहेत आणि ज्यांना त्याने दुखावले, ते वाटेत भेटतात. तो विसरला आहे; ते विसरलेले नाहीत. ती कृत्ये आपल्या हातून घडली नाहीत, हे खेळाडूला ठाऊक असते. तरीही त्या माणसांसमोर उत्तर देण्याची पाळी त्याच्यावरच येते. 'ते त्याने केले' असे म्हणून बाजूला होण्याची वाट तेथे बंद होते.

ही वाट आपल्या भाषेत नित्य उघडी असते. 'मी चहा केला' असे आपण म्हणतो. पण कप हातून निसटला, तर 'कप फुटला' एवढेच म्हणतो. यशाला कर्ता मिळतो, चुकीला मिळत नाही. आपल्या कृतीला 'मी' म्हणावे की नाही, हा प्रश्न म्हणूनच केवळ व्याकरणाचा नाही.

तुमच्या घरी कोणी असे गेम खेळत असेल, तर त्याला खेळाची हकिगत सांगायला लावा आणि ती शब्दशः लिहून घ्या. 'मी' कोठे सुटतो आणि 'तो' कोठे सुरू होतो, तेथे पेन्सिलीने खूण करा. नंतर स्वतःच्या एका दिवसाची हकिगत लिहा आणि तिच्यातही तशाच खुणा करून पाहा.