हयातीचा दाखला आणि काळा कोट

सिनेमातल्या माणसानं शर्ट बदलला की समजावं, आता हा स्वतःही बदलणार. खेड्यातली नायिका शहरात आली की आधी तिची वेणी सुटते, मग स्वभाव सुटतो. खलनायकाला पश्चात्ताप व्हायचा असेल तर तो आधीपासूनच साधा पांढरा सदरा घालून बसतो. आपण फक्त रुमाल काढून तयार राहायचं. हा हिशेब मला चटकन कळतो, कारण मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. आमच्या शास्त्रात एका बाजूला काही नावे पडलं की दुसऱ्या बाजूला तेवढंच जमा व्हावं लागतं.

माझी स्वतःची गोष्ट विचाराल तर वीस वर्षं मी बँकेच्या एकाच काउंटरमागे आणि साधारण एकाच चौकडीच्या शर्टात बसलो आहे. कुणी वेशभूषाकार बघेल तर म्हणेल, ‘या पात्राचा विकास झालेला नाही.’ आमच्या सौभाग्यवतींचंही हेच मत आहे. फक्त त्या शर्टाचा पुरावा मागत नाहीत.

आमचं पोखर्णी परभणी-परळी लोहमार्गावर, नृसिंहाचं गाव. आमचा देव खांबातून प्रकटला तो थेट रूप बदलूनच. त्याला कपडे बदलायची गरज पडली नाही. बाकीच्या आम्हा पामरांना मात्र कपड्यांवरच भागवावं लागतं. शिष्यवृत्तीचं खातं उघडायला खाकी चड्डीत आलेलं पोरगं माझ्या डोळ्यांदेखत जीनच्या पँटमध्ये गेलं, मग कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत गेलं, आणि आता त्याच्यामागून दोन माणसं फाइल घेऊन येतात. मी मुकाट्यानं सही ताडून बघतो. सही अजून शिष्यवृत्तीवालीच आहे.

पडद्यावरचे हे हिशेब ज्यांनी चोख लिहिले, त्या भानू अथैया आपल्या कोल्हापूरच्या. जन्म १९२९चा, माहेरचं आडनाव राजोपाध्ये. ‘गांधी’ या १९८२च्या चित्रपटाच्या वेशभूषेबद्दल त्यांना जॉन मोलो यांच्याबरोबर १९८३मध्ये ऑस्कर मिळालं. भारताला मिळालेलं हे पहिलं ऑस्कर. पुढे २०१२मध्ये त्यांनी तो पुतळा नीट जपला जावा म्हणून अकादमीकडेच परत पाठवला. आम्हा बँकवाल्यांना हे जरा लागलंच. आमच्याकडे लॉकर होते की!

पण त्या चित्रपटातला जमाखर्च बघा. १८९३ साली दक्षिण आफ्रिकेत रेल्वेच्या डब्यातून खाली उतरवले गेलेले बॅरिस्टर सुटाबुटात होते. मग सूट गेला, पागोटं गेलं, आणि सप्टेंबर १९२१मध्ये मदुराईला उरला नुसता पंचा. १९३१मध्ये लंडनला खुद्द बादशहाकडे गेले तेही पंचातच. माणूस वाढत गेला तसं कापड घटत गेलं. आमच्याकडे ग्रामपंचायतीचा सभासद झाल्याबरोबर माणसाचं कापड वाढतं. तेव्हा दुसऱ्या बाजूला काय घटतं, ते खतावणी न उघडताही कळतं.

त्याच भानूताईंनी कपडे केलेला १९६५चा ‘गाइड’ मात्र वेगळं खातं आहे. तुरुंगातून सुटलेला राजू एका देवळात झोपतो आणि कुणी साधू त्याच्या अंगावर भगवी शाल टाकून जातो. सकाळी गाव म्हणतं, स्वामी आले! इथं कपडा आधी आला, माणूस मागून येणार. याला आम्ही बिनतारण कर्ज म्हणतो. शाल फुकट मिळाली असं राजूला वाटतं. पण दुष्काळ पडतो, गाव त्याच्याकडे आशेनं बघतं, आणि त्याला खरोखरच उपवासाला बसावं लागतं. पाऊस येतो, पण शेवटचा हप्ता त्याला प्राणाचा भरावा लागतो. इतकी प्रामाणिक वसुली मी नोकरीत पाहिलेली नाही.

तिसरं खातं आमच्या घरचं आहे, कारण माझे वडील प्राथमिक शाळेत मास्तर. आम्ही त्यांना नाना म्हणतो, सगळं गाव ‘गुर्जी’ म्हणतं. पांढरा पायजमा, नेहरू शर्ट, वर काळा कोट आणि टोपी. मे महिन्यातसुद्धा कोट! माझ्या लहानपणी जत्रेच्या तंबूत शांतारामबापूंचा १९७२चा ‘पिंजरा’ लागला होता. पडद्यावर डॉक्टर श्रीराम लागू तत्त्वनिष्ठ गुरुजी झालेले, आणि तंबूतली निम्मी माणसं पडद्याकडे नि निम्मी नानांकडे बघत बसलेली.

त्या चित्रपटात सगळं काही कपड्यांवरच घडतं. तमाशातल्या चंद्रकलेच्या नादी लागलेले गुरुजी एका प्रेताला आपले कपडे घालून गाव सोडतात. गावाला वाटतं, गुरुजींचा खून झाला. कपड्यांचा पुतळा होतो, त्याला हार पडतात. खरा माणूस मात्र फडाबरोबर वणवण हिंडतो आणि शेवटी पकडला जातो. आरोप काय, तर गुरुजींचा खून केल्याचा! एक शब्द बोलला असता तर सुटला असता. पण पुतळा राहावा म्हणून तो बोलत नाही. तंबूतून घरी येताना मी नानांना विचारलं, सिनेमा कसा होता? ते म्हणाले, “पुतळा चांगला केला होता.” आणि दुसऱ्या दिवशी कोट घालून शाळेत गेले.

त्यांची अडचण मला बँकेत लागल्यावर कळली. दर नोव्हेंबरात पेन्शनरांना आपण जिवंत आहोत हे आमच्याकडे येऊन सिद्ध करावं लागतं. हयातीचा दाखला! इतकी वर्षं नाना कोट घासून, टोपीला इस्त्री करून माझ्यासमोर रांगेत उभे राहायचे, आणि मी “पुढचे!” म्हणायचो. मुलगा म्हणून सवलत त्यांनी कधी मागितली नाही.

गेल्या नोव्हेंबरात त्यांना उठवेना. आमचे शाखाधिकारी स्वतः घरी आले. तरुण पोरगा, परप्रांतातला, शर्ट बाहेर सोडलेला. यंत्रावर नानांचा अंगठा उमटेना. नाना म्हणाले, “खडूनं खाल्ला.” मग चेहऱ्याचा फोटो घ्यायचं ठरलं.

“थांबा. कोट.”

“बाबूजी, सिर्फ चेहरा चाहिए,” साहेब म्हणाले.

“चेहरा आता वळखू येत नाही, सायेब. कोट येतो.”

मी कोट आणला. सिनेमात माणूस वाढतो आणि त्याचे कपडे बदलतात. इथं कोट तोच होता, माणूस मात्र आत निम्मा उरला होता. खांदे कोपरापर्यंत उतरले. बाहीतून हात सापडेना, तो मी आतून ओढून काढला. टोपी घातली तर ती कानांवर बसली. पण गुंडी लागल्याबरोबर मान ताठ झाली, हनुवटी वर गेली, आणि नानांनी साहेबांकडे असं पाहिलं की, पाढे येतात का विचारणार!

साहेबांनी मोबाइल वर धरला. मग काय वाटलं कोण जाणे, तो खाली ठेवला, आधी शर्ट आत खोचला, आणि मगच फोटो काढला.