सांक्ट राडेगुंड : आज्ञा आणि अंतःकरण

ऑस्ट्रियातील साल्झबर्ग शहरातून उत्तरेकडे निघालेली लहान रेल्वे ऑस्टरमीटिंग या गावी संपते. वाटेत साल्झाख नदीकाठी ओबर्नडॉर्फ लागते. ‘सायलेंट नाइट’ हे नाताळचे गीत १८१८ साली तेथे प्रथम गायिले गेले, म्हणून पर्यटकांची गर्दी तेथेच उतरते. शेवटच्या स्थानकापर्यंत येणारे थोडे आणि तेथून सांक्ट राडेगुंडची वाट धरणारे त्याहूनही थोडे. सुमारे सहाशे वस्तीचे हे खेडे हिरव्या कुरणांत आणि वनराईत विसावले आहे. नदीपलीकडे जर्मनीचा बव्हेरिया प्रांत दिसतो. गावात ना किल्ला, ना राजवाडा. चर्चच्या भिंतीला लागून एक साधे थडगे आहे आणि त्याच्या दर्शनासाठीच दूरदूरचे यात्रेकरू येथे येतात.

हे थडगे फ्रांत्स येगरश्टेटर या शेतकऱ्याचे. १९०७ साली याच गावी त्याचा जन्म झाला. तरुणपणी तो काहीसा उनाड होता. १९३६ मध्ये फ्रांत्सिस्काशी विवाह झाल्यावर तो धर्मनिष्ठ गृहस्थ बनला आणि शेती सांभाळून चर्चची सेवा करू लागला. हे गाव ब्राउनाउ जिल्ह्यात येते आणि ब्राउनाउ हेच हिटलरचे जन्मस्थान. एप्रिल १९३८ मध्ये ऑस्ट्रियाच्या जर्मनीतील विलीनीकरणावर मतदान झाले, तेव्हा साऱ्या गावात फ्रांत्सने एकट्याने विरोधी मत दिले.

१९४० मध्ये त्याला लष्कराचे बोलावणे आले. त्याने शपथ घेतली, एन्स येथे प्रशिक्षणही पूर्ण केले. पुढे शेतीसाठी आवश्यक माणूस म्हणून गावकऱ्यांच्या खटपटीने त्याला घरी परतता आले. मात्र छावणीत जे पाहिले व ऐकले, त्याने त्याचे मन अस्वस्थ झाले होते. ज्यांनी काही अपराध केला नाही अशा लोकांच्या देशावर चालून जाणे, त्यांची भूमी बळकावणे, हे युद्ध अन्यायाचे आहे असा त्याचा निश्चय झाला. पुन्हा बोलावणे आले तर शस्त्र हाती धरायचे नाही, असे त्याने ठरविले.

त्याला परावृत्त करणारे दुष्ट नव्हते. आप्तांनी विनविले, धर्मगुरूंनी समजाविले, लिंत्सच्या बिशपांनीही सांगितले की युद्ध न्याय्य की अन्याय्य हे ठरविणे सामान्य माणसाचे काम नव्हे. पत्नी आणि मुलींची जबाबदारी हेच त्याचे कर्तव्य. घरात तीन लहान मुली होत्या, थोरली पाच वर्षांची. फ्रांत्सिस्कानेही आधी त्याचे मन वळविण्याचा यत्न केला. परंतु सारे विरुद्ध असताना आपणही विरुद्ध गेलो तर त्याचे कोणीच उरणार नाही, हे ओळखून ती त्याच्या पाठीशी उभी राहिली.

मार्च १९४३ च्या पहिल्या दिवशी तो एन्सच्या छावणीत स्वतः हजर झाला. रानात लपला नाही, सीमा ओलांडून पळाला नाही. आपण लढणार नाही, एवढेच त्याने सांगितले. जखमींची शुश्रूषा करण्याची तयारी त्याने दर्शविली. ती विचारात घेतली गेली नाही. आधी लिंत्सच्या आणि मग बर्लिनच्या तुरुंगात त्याला ठेवण्यात आले. ६ जुलै १९४३ रोजी बर्लिनच्या सर्वोच्च लष्करी न्यायालयाने सैन्यशक्ती खच्ची केल्याच्या आरोपाखाली त्याला मृत्युदंड दिला. त्यानंतर काही दिवसांनी फ्रांत्सिस्काची आणि त्याची तुरुंगात थोडक्या वेळाची अखेरची भेट झाली. ९ ऑगस्ट रोजी ब्रांडेनबुर्ग येथे त्याचा शिरच्छेद झाला. तेव्हा तो छत्तीस वर्षांचा होता.

या मृत्यूला दोन वर्षे पूर्ण होण्यास एक दिवस उरला असता, ८ ऑगस्ट १९४५ रोजी, विजयी राष्ट्रांनी लंडन येथे एक सनद मान्य केली. न्यूरेंबर्गचा खटला तिच्याच आधारे चालला. तिच्या आठव्या कलमाने स्पष्ट केले की ‘वरिष्ठांची आज्ञा होती’ एवढ्या कारणाने कोणी जबाबदारीतून मुक्त होत नाही. फार तर शिक्षा सौम्य होऊ शकते. पुढे १९४८ मध्ये जर्मन सेनापतींवरील खटल्यात न्यायाधीशांनी आणखी एक भेद केला. आक्रमक युद्ध पुकारण्याचा गुन्हा धोरण ठरविणाऱ्यांचा, साध्या शिपायाचा नव्हे. मात्र त्या युद्धात कोणी कैद्याला मारले, निःशस्त्रांची हत्या केली, तर त्याचा जाब ज्याच्या हातून ते घडले त्याने द्यावयाचा.

याचा अर्थ असा की फ्रांत्स रणांगणावर गेला असता, नुसते जाण्याबद्दल पुढच्या काळाच्या कायद्यानेही त्याला दोषी धरले नसते. कायदा ज्याला सोडून देणार होता, त्याने स्वतःला सोडले नाही. आणि नकार देणाऱ्याला मात्र कोणताच कायदा वाचवू शकला नाही.

ही कोंडी आजही पुरती सुटलेली नाही. जर्मनीने १९४९ च्या राज्यघटनेत सदसद्विवेकाविरुद्ध कोणालाही सशस्त्र युद्धसेवेस भाग पाडता येणार नाही, असे लिहिले. इराक युद्धाला हातभार लागेल म्हणून एका संगणकप्रणालीचे काम नाकारणाऱ्या जर्मन मेजरला २००५ मध्ये लाइपझिगच्या न्यायालयाने निर्दोष ठरविले. याउलट, हे युद्ध बेकायदेशीर आहे असे मानून इराकला जाण्यास नकार देणाऱ्या ब्रिटिश वायुदलातील डॉक्टरला २००६ मध्ये आठ महिन्यांचा कारावास झाला. भारताच्या १९५० च्या सेना कायद्यातही आज्ञाभंगाचे कलम ‘कायदेशीर’ आज्ञेपुरतेच आहे. परंतु आज्ञा कायदेशीर आहे की नाही हे त्या क्षणी एकट्याने ठरवायचे आणि ठरविण्यात चूक झाली तर शिक्षाही एकट्यानेच भोगायची.

जैन परंपरेला हा प्रश्न अपरिचित नाही. कृत, कारित आणि अनुमोदित, म्हणजे स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करविलेले आणि मनाने संमत केलेले, या तिन्ही वाटांनी दोष लागतो, ही शिकवण घराघरांत आहे. शेठजींच्या सांगण्यावरून खोटी नोंद करणारा मुनीम ‘मी केवळ लिहिले’ असे म्हणून सुटत नाही. भगवतीसूत्रात वैशालीच्या वरुण नावाच्या श्रावकाची कथा आहे. राजाज्ञेमुळे त्याला रथमुशल संग्रामात उतरावे लागले, तेव्हा प्रथम प्रहार करणाऱ्यावरच प्रहार करीन असा नियम त्याने घेतला व मरणान्त घाव सोसूनही तो पाळला. युद्धात मरणारा प्रत्येक जण स्वर्गाला जातो, ही लोकसमजूत भगवान महावीरांनी त्याच प्रसंगी अमान्य केली. वरुण रणात गेला, फ्रांत्स गेला नाही. दोघांच्या वाटा भिन्न; पण आपल्या हाताचा हिशेब राजाच्या वहीत घालता येत नाही, हे दोघांनीही जाणले होते.

१९४६ मध्ये फ्रांत्सच्या अस्थी गावी आल्या व चर्चच्या भिंतीलगत पुरण्यात आल्या. गावाने त्याला लगेच आपले म्हटले नाही. ज्या घरांतील मुले आज्ञा पाळून गेली आणि परतली नाहीत, त्यांना हे थडगे बोचत असे. पतीला रोखले नाही म्हणून फ्रांत्सिस्काला बोल लावणारेही होते. विधवेचे निवृत्तिवेतन तिला १९५० पर्यंत मिळाले नाही. शेत तिने स्वतः कसले, मुली वाढविल्या. १९९७ मध्ये बर्लिनच्या न्यायालयाने मृत्युदंडाचा निवाडा रद्द केला. २६ ऑक्टोबर २००७ रोजी लिंत्स येथे चर्चने त्याला ‘धन्य’ घोषित केले, तेव्हा चौऱ्याण्णव वर्षांची फ्रांत्सिस्का समोर बसली होती. २०१३ मध्ये, वयाची शंभर वर्षे पूर्ण करून, तिने देह ठेवला.

त्यांचे शेतघर आज स्मारक म्हणून जतन केले आहे. दरवर्षी ९ ऑगस्टला देशोदेशीचे लोक येथे जमतात आणि प्रार्थना करतात. एरवी हे गाव आपल्या कामात गढलेले असते. त्या घरापासून चर्चपर्यंतची वाट चालणाऱ्या यात्रिकाच्या मनात शिपायाच्या आधी त्या तीन मुली येतात. पित्याने त्यांच्यासाठी जगावयास हवे होते, की त्यांना तोंड दाखविता यावे असे मरावयास हवे होते? थडग्यावर याचे उत्तर लिहिलेले नाही. ते प्रत्येकाने आपल्या घरी परतल्यावर शोधावयाचे आहे.