मी खुडूक बसतो

‘खुडूक कोंबडीसारखा बसू नकोस’ असं मला आजवर पुष्कळांनी सांगितलं आहे. शाळेत मास्तरांनी सांगितलं, लग्नानंतर सौ.ने सांगितलं आणि बँकेत लागल्यापासून तीन मॅनेजरांनी वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं. खुडूक बसणं म्हणजे काहीच न करणं, अशी या सर्वांची समजूत दिसते. यांतल्या एकानेही स्वतः खुडूक बसून पाहिलेलं नाही. मी बसलो आहे. सलग नऊ दिवस, आणि तेही मार्चअखेरीला. तेव्हा या विषयावर चार शब्द बोलण्याचा अधिकार मला पोहोचतो.

मुळात कोंबडी माझी नव्हे, आईची. वडील गेल्यावर आई कन्नड तालुक्यातल्या आमच्या गावाहून इकडे शहरात राहायला आली, तेव्हा एक पत्र्याची पेटी, दोन गोधड्या आणि डालग्याखाली चंद्री नावाची कोंबडी एवढा तिचा ऐवज होता. सातारा परिसरात आमचं रो-हाउस आहे. त्याच्या पुढच्या भिंतीवर माझं नाव आहे आणि बाकीच्या तीन भिंती अजून कर्जात आहेत. मागे दहा बाय बाराची मोकळी जागा. तिथे सौ. लॉन करणार होती. लॉनऐवजी चंद्री नांदू लागली. ‘लोक काय म्हणतील?’ हा प्रश्न पहिले आठ दिवस घरात घुमला. नवव्या दिवशी लोकच ‘वहिनी, गावरान अंडी मिळतील का?’ म्हणून दारात आले आणि तो प्रश्न निकालात निघाला. पलीकडच्या बांधकामावरच्या वॉचमनचा कोंबडा कंपाउंडवरून येऊन-जाऊन असे. त्या बाबतीत आम्ही अधिक चौकशी केली नाही.

चंद्रीला मी स्वतः फारसं बोलू शकत नसे, त्याला कारण आहे. माझ्या बी.कॉम.च्या तिन्ही वर्षांचे परीक्षेचे फॉर्म आईने अंडी विकून भरले. म्हणजे एका अर्थी मी अंड्यातूनच बाहेर पडलेला पदवीधर. आईच्या हिशेबाप्रमाणे चंद्री त्याच कोंबड्यांच्या वंशातली, कितवी तरी पणती. गावचं घर बंद झाल्यावर बाकीच्या कोंबड्या वाटल्या गेल्या, ही एक राहिली.

तर ही चंद्री १० मार्चला खुडूक बसली. आईने खाली अकरा अंडी सरकवली. आईच्या शास्त्रात अंडी विषमच हवीत. चंद्री पिसं फुलवून अशी बसली, की जवळ गेलं तर आमच्या हेडकॅशियरसारखी गुरगुरे. दिवसातून एकदा पंधरा-वीस मिनिटं उठायची, दाणा टिपायची, पाणी प्यायची आणि पुन्हा जागेवर. एवढीच तिची रजा. मी बोटांवर हिशेब केला. एकवीस दिवस म्हणजे बरोबर ३१ मार्च. बँकेतल्या माणसाच्या घरी दुसऱ्या कुठल्या तारखेला काही होतच नाही.

२२ तारखेच्या पहाटे मुंगसाने डाव साधला.

जास्त सांगत नाही. पिसं राहिली होती. एक अंडं फुटलं होतं आणि दहा तशीच गार पडलेली. आई रडली नाही की मुंगसाला शिव्याही दिल्या नाहीत. आत गेली, पेटी उघडली आणि दोन्ही गोधड्यांचं बोचकं बांधून बसली.

“मला गावी सोडून ये.”

“आई, तिथं आता कोण आहे?”

“हितं तरी कोण हाय?” आई म्हणाली.

दारात मी, सौ. आणि आमची नववीतली कन्या असे तिघं उभे होतो. कुणी काही बोललं नाही. खरं तर असल्या प्रसंगी मुलाने काही तरी मोठं बोलायचं असतं. मी म्हणालो, “अंडी आहेत की अजून.”

हे वाक्य मला पुढे नऊ दिवस महागात पडलं.

कन्येने पुठ्ठ्याची नळी केली, मोबाइलचा टॉर्च लावला आणि अंधाऱ्या न्हाणीघरात एकेक अंडं त्यावर धरलं. दोन अंडी नुसतीच पिवळी उजळली. ती वांझ होती. बाकीच्या आठांत मात्र गडद सावली, भोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा आणि जाड टोकाला हवेची पोकळी. “पप्पा, हे हलतंय!” ती ओरडली. मी पाहिलं. खरंच हलत होतं. वीस वर्षं ठेवी सांभाळतो आहे, पण आतली ठेव हललेली मी पहिल्यांदाच पाहिली.

सौ.ने एक शब्द न बोलता माझा लग्नातला स्वेटर आणला, आठही अंडी त्यात गुंडाळली आणि शेकायच्या पिशवीवर ठेवली. मी दुसरी खुडूक कोंबडी शोधायला स्कूटर काढली. हर्सूलपासून पाडेगावपर्यंत फिरलो. कोंबड्या पुष्कळ, पण खुडूक एकही नाही. एका कोंबडीवाल्याने मला समजावलं, की हल्लीच्या सुधारित जाती बसतच नाहीत. कोंबडी खुडूक बसली की अंडी द्यायची थांबते. तेव्हा माणसाने निवडून निवडून तिच्यातला हा गुणच काढून टाकला. उत्पादन वाढलं. मला आमच्या बँकेतल्या बैठका आठवल्या. राज्यात सरकारची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं चार, पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि चौथं आमच्याच शहरात. पण तिथला कारभार हजारांचा. अर्धी मुदत भरलेली आठ अंडी स्वेटरात गुंडाळून तिथे जायला मन धजेना.

राहता राहिला बल्ब. शहागंजातल्या दुकानात मी साठचा बल्ब मागितला. दुकानदाराने एलईडी पुढे केला. “साहेब, घ्या डोळे झाकून. दिवसभर लावा, तापणार नाही.”

“मला तापणाराच पाहिजे.”

“कशाला?”

“अंडी उबवायचीत.”

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि माळ्यावरून जुना, तारेचा बल्ब काढून दिला. पैसेही कमी घेतले. दया आली असावी.

औषधाच्या दुकानातून थर्माकोलचा खोका मिळाला. त्यात बल्ब, पाण्याची वाटी आणि तापमान-आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र. साडेसदतीस ते अडतीस अंश हवेत. थोडा वेळ गारवा अंडं सोसतं, वरची उष्णता सोसत नाही. बल्ब तर एकदा पेटला की चाळिशीकडे धाव घेई. शेवटी झाकणाखाली फट ठेवायची युक्ती निघाली आणि फटीसाठी जुनी पासबुकं कामाला आली. एक पासबुक लावलं की काटा एकोणचाळीसला, दोन लावली की साडेसदतीसला. पासबुकाचा इतका अचूक उपयोग खातेदारांनाही कधी झाला नसेल. मार्चमध्ये आमच्या शहराची हवा भाजलेल्या पापडासारखी, त्यात पन्नास-पंचावन्न टक्के ओलावा टिकवायचा. नळाला पाणी कितव्या दिवशी येईल यावर जिथे पैजा लागतात, तिथे पहिली वाटी अंड्यांची हे घरात एकमताने ठरलं.

शिवाय अंडी फिरवायची. नाही फिरवली तर आतलं पिल्लू कवचाच्या पापुद्र्याला चिकटतं. चंद्री हे रात्रंदिवस चोचीने, पायाने करत असे. मी प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोळा काढला, आणि रजिस्टर घातलं. अंडं क्रमांक, वेळ, बाजू, सही. दिवसातून पाच वेळा. सकाळी सहा, रात्री आठ आणि बारा या वेळा माझ्या. दुपारच्या दोन सौ.च्या. रजेचा अर्ज करून पाहिला होता. मॅनेजरसाहेब म्हणाले, “मार्चमध्ये रजा? घरी कुणी आजारी आहे का?”

“नाही साहेब. येणार आहेत.”

“कोण?”

“आठ जण.”

“मग हॉटेलात उतरवा,” म्हणाले.

आई या सगळ्याकडे ढुंकून पाहत नव्हती. बोचकं भिंतीशी तसंच होतं. २५ तारखेला सौ. कन्येच्या शाळेत गेली आणि दुपारच्या दोन्ही वेळा हुकल्या, असं मी धरून चाललो. घरी येऊन रजिस्टर पाहतो तर दोन्ही रकाने भरलेले. सहीच्या जागी एकेक उभी रेघ. आईला लिहिता येत नाही.

“आई, तू फिरवलीस?”

“तू उलटीकडून फिरवतो,” एवढंच उत्तर आलं.

त्यानंतर तपासणी आईकडे गेली. बँकेत जसं एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने मंजूर, तसं. फरक इतकाच, की बँकेत माझी नोंद कधी तरी मंजूर होते.

शेजारचे निवृत्त प्राध्यापक रोज संध्याकाळी खोका पाहून जात. त्यांच्याकडून कळलं, की इजिप्तमध्ये हजारो वर्षांपासून मातीच्या भट्ट्यांत अंडी उबवतात. ॲरिस्टॉटललाही त्या देशातल्या उबवणीची माहिती होती. फ्रान्सच्या रेओमूर नावाच्या शास्त्रज्ञाने १७४९ साली त्यावर ग्रंथ लिहिला. या गृहस्थाने स्वतःच्या नावाचं थर्मामीटर काढलं होतं, पण त्या भट्टीवाल्यांकडे थर्मामीटर नव्हतं. ते अंडं पापणीला लावून पाहत. मी हसलो. प्राध्यापक निघून गेले.

२७ च्या रात्री वीज गेली.

साडेदहा वाजले होते. पाऊण तास झाला, यंत्रावर चौतीस, मग तेहतीस. मी झाकण दाबून धरलं, पासबुकं काढली आणि मग काय करायचं ते न सुचून खुडूक कोंबडीसारखा बसलो, म्हणजे पूर्वीच्या अर्थाने. अंधारात आई उठली. बोचक्याची गाठ सुटल्याचा आवाज आला. गोधडी आली, सौ.ने गरम पाण्याच्या दोन बाटल्या आणल्या, आणि आई भिंतीला टेकून मांडीवर आठ अंडी घेऊन बसली. थोड्या थोड्या वेळाने एकेक अंडं काढी, डोळा मिटून पापणीला लावी आणि बाटली जवळ तरी ओढी, नाही तर दूर सारी.

“आई, हे तुला कुणी शिकवलं?”

“शिकवायचं काय त्यात?”

“यंत्र आहे ना इथं.”

“यंत्र आत्ता आलं. पोरांना ताप आधी येत नव्हता का?”

मी इजिप्तची हकीकत सांगितली. आईने नीट ऐकून घेतली आणि त्या लोकांची जात विचारली. वीज पहाटे चारला आली. तोवर ती उठली नव्हती. चंद्री निदान दाणा टिपायला उठायची.

अठराव्या दिवसानंतर अंडी फिरवायची नसतात. ओलावा वाढवून हात बांधून बसायचं. हे सगळ्यांत कठीण. ३१ ला मी बँकेत व्हाउचरांच्या ढिगात आणि कन्येचे फोन तासातासाला. “तीन नंबरला टवका गेला.” “पाच नंबर आतून ओरडतंय.” “पप्पा, मी थोडं कवच सोलू?” सोलायचं नसतं. पापुद्र्यातलं रक्त आत ओढलं जायला वेळ लागतो. टवका पडल्यावर पिल्लू अर्धा-अर्धा दिवस नुसतं दम खात पडतं. मी फोनवर ओरडलो, “हात लावू नका! आपलं आपलं बाहेर येऊ द्या!” मॅनेजरसाहेब थकबाकीच्या यादीवरून मान वर करून पाहू लागले. वसुलीच्या बाबतीत माझं हे धोरण त्यांना पसंत पडलं नाही.

घरी पोहोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. खोक्यात पाच पिल्लं होती, ओली, डोक्याने मोठी, अजिबात देखणी नव्हेत. सहावं माझ्यादेखत टोपण ढकलून बाहेर पडलं. चार आणि सात नंबर आले नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत आईने वाट पाहिली, मग ती दोन्ही अंडी शेवग्याच्या बुडाशी पुरली. रजिस्टरात त्यांच्यापुढे मी काय लिहावं हे मला सुचलं नाही. रकाना तसाच कोरा आहे.

पहिले दोन दिवस पिल्लांना दाणा लागत नाही, पोटात ओढून घेतलेला बलक पुरतो. तिसऱ्या दिवशी आईने जोंधळ्याची कणी फरशीवर टाकून बोटाने टकटक केलं. सहाही पिल्लं त्या बोटाकडे धावली. तेव्हापासून ती आई जाईल तिकडे तिच्या पायांत. देवपूजेलाही.

पुढच्या रविवारी मी विचारलं, “आई, गावी कधी निघायचं मग?”

आई पिल्लांवरून डालगं सारखं करत होती. मुंगसासाठी वर पाटा ठेवला होता.

“जाऊ की,” ती म्हणाली. “यातली एखादी खुडूक बसली की मग बघू.”